न पिणाऱ्या बापाची लेक

आमच्या बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि वयाच्या बाराव्या वर्षी मला त्याचा भयंकर राग येत असे. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. ज्या सुखासाठी गावातल्या निम्म्या बायका महादेवाला पाणी घालत होत्या, ते माझ्या घरात आयतं नांदत होतं, आणि मी मात्र त्याच्यावर तोंड वाकडं करून बसले होते. कारण एकच होतं. गोदी.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे, पाटाच्या कडेनं चार केळी. सकाळी जाग यायची ती मोटेच्या आवाजानं. आधी चाकाची कुरकुर, मग मोट रिकामी होताना पाण्याचा धबाका, मग बैल मागे सारताना सदूची लांबच लांब हाळी. सदू आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. गोदी त्याचीच पोर, माझ्या वयाची, काळीसावळी, हडकुळी. माय चुलीपुढे कळण्याची भाकर थापत असे, आरावर वांगी भाजत असत, आणि भरताचा तो धुरकट वास मोटेच्या आवाजात मिसळून घरभर फिरे. मी एकुलती. माझ्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत, म्हणून मी फार लाडाची, असं लोक म्हणत. तशी मी होतेही, गोदी बाबांच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसेपर्यंत.

दारूचं आमच्याकडे नवल नव्हतं. वर डोंगरात मोहाची झाडं मोप, आणि खाली गावाच्या वेशीबाहेर गुत्ता. त्या गुत्त्याचा लिलाव दरसाल सरकारच करी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, सरकार नागपुरात बसलेलं, त्याला आमच्या वेशीबाहेर कोण लोळतं ते काय दिसणार? बाबांना मात्र दिसे. त्यांचं नाव तुळशीराम, शिक्षण चार बुकं, आवाज खणखणीत, आणि एकदा मनात धरलं की सोडायचं नाही हा स्वभाव. बाजारादिवशी भाजी विकून झाली की ते रिकाम्या पाट्या पालथ्या घालत, त्यावर उभे राहत आणि दारू सोडा म्हणून सांगायला लागत. लोक ऐकत. काही माना हलवत. काही तिथूनच उठून गुत्त्यावर जात. बाबांना त्याचं वाईट वाटे, पण पुढच्या बाजाराला पाट्या पुन्हा पालथ्या पडत.

बाबांचं ते भाषण मला तोंडपाठ होतं. "दारू पहिले पेनाऱ्याले गोड लागते, मंग त्याच्या बायकोले कडू लागते, अन् मंग लेकराईच्या तोंडचं सारंच नेते," इथे ते थांबत, एक बोट वर करत, आणि मग पुढचं. हे सगळं मी वांग्यांच्या वाफ्यात उभी राहून, बोट वर करून, म्हणत असे. वांगी कधी उठून गुत्त्यावर गेली नाहीत. मला वाटे, बाबांनी एकदा आपल्याला नेलं ना, तर बाजार हलवून सोडू.

सदूचं सांगायलाच हवं. शुद्धीवर असला की त्याच्यासारखा माणूस नाही. बैलांना तो कधी पराणी लावत नसे, नुसतं बोलून चालवी. पण बाजारादिवशी संध्याकाळी शिसी घेऊन आला की त्याच्या खोपट्यातून जो आरडाओरडा उठे, तो आमच्या अंगणात ऐकू येई. माय देवाला हात जोडून म्हणे, "आज काय फोडते मेला." सकाळी पाहावं तर दारात खापरं पडलेली. सदू लाल डोळ्यांनी मोटेवर यायचा आणि उशीर झाला म्हणून बैलांच्या गळ्यात हात घालून त्यांची माफी मागायचा. बायकोची मागितलेली मी कधी ऐकली नाही.

एकदा गावातच, महादेवाच्या पारावर, बाबा बोलत होते. लोक जांभया देत होते. खाली गोदी आपल्या मायजवळ बसून पुटपुटल्यासारखं काही गुणगुणत होती. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "जोऱ्यानं म्हन वं पोरी." आणि गोदीनं म्हटलं. तिच्या मायची जात्यावरची ओवी होती ती.

बाप गेला गं बजारी, मांगलीती मी बांगडी,
शिसी भरून तो आला, माह्या मायची फुटली उतरंडी.

आवाज काही फार गोड नव्हता. खरं सांगायचं तर माझा तिच्यापेक्षा बरा होता, हे मी आजही म्हणेन. पण ती ओवी संपली आणि पारावर कोणी जांभई दिली नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दोन पुरुष मान खाली घालून बसले, ते उठेचनात. बाबांनी गोदीकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते माझ्याकडे बघताना कधीच दिसलं नव्हतं. भरल्या शेतात उभं राहून ते आभाळाकडे पाहत तसं काहीसं.

तिथून पुढे गोदी त्यांच्याबरोबर जायला लागली. जळगावचा बाजार, संग्रामपूरचा बाजार, कुठे जत्रा असली की तिथे. दमणीला बैल जुंपले की गोदी पुढे, बाबांच्या शेजारी, जिथे मी बसत असे. तिला चांगलं दिसावं म्हणून बाबांनी तिच्यासाठी खादीचं पोलकं शिवून घेतलं. परत आल्यावर ती आमच्याकडेच जेवायची, आणि बाबा आपल्या वाटचा दह्याचा गोळा तिच्या ताटात टाकायचे. "खाय बेटा, गळा बसला तुहा." माझा गळाही बसला होता, वांग्यांना भाषणं देऊन देऊन, पण माझ्या ताटाकडे कोण बघतो! मी दहीच सोडलं. मला आवडत नाही म्हणून सांगितलं. मायनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय म्हणून.

एक दिवस धीर करून मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले बी नेता का? मी बी बोलतो. मले सारं पाठ हाये."

बाबा दमणीच्या चाकाला वंगण घालत होते. मान वर न करता हसले. "तू काय सांगशीन बेटा? तुले काय ठाव हाये दारूचं?"

ते मायेनंच म्हणाले होते. मला कळायला पन्नास वर्षं लागली की मला दारूचं काही ठाऊक नसणं हीच त्यांच्या जन्माची कमाई होती. पण त्या दिवशी मी त्याचा अर्थ वेगळाच लावला. म्हणजे माझ्यात कमी ती काय, तर माझा बाप पीत नाही! गोदीकडे फुटकी उतरंड होती, रडकी माय होती, ओवी होती. आणि माझ्या घरात उतरंडीची मडकी जशीच्या तशी, एकावर एक, नीटनेटकी. मी त्या मडक्यांकडे बघत बसे आणि मला त्यांची चीड येई. मी विळीवर बसून कांदा चिरता चिरता रडण्याची सवय करत असे. एकदा तर गोदीला विहिरीवर गाठून विचारलं, "तुहा बाप मारते तवा कसं वाटते वं?" तिनं माझ्याकडे पाहिलं, घागर उचलली आणि चालू लागली. मला वाटलं, बघा, केवढा ताठा! आपलं गुपित दुसऱ्याला मिळू नये म्हणून किती जपते!

उन्हाळाभर बाबा सदूच्या मागे लागले होते. मोटेवर त्याच्या शेजारी उभे राहून बोलत, बोलता बोलता स्वतःच कासरा धरत. शेवटी सदू कबूल झाला. बेलभंडार उचलतो म्हणाला. आमच्याकडे त्याच्यापुढे शपथ नाही. महादेवावरचं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन चारचौघांत बोललेला शब्द मोडला तर निर्वंश होतो, असं लोक मानत. दिवस ठरला तो पोळ्याच्या करीचा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. आदल्या दिवशी बैलांची पूजा, पुरणपोळी, तोरण, आणि करीच्या दिवशी बोकड आणि दारू. सकाळपासून गुत्त्यापुढे माणसं उभी असायची. वर्षभर न पिणाराही करीला घोट घेई. बाबा म्हणाले, "करीच्या दिशी जो उचलीन त्यानंच उचललं समजा. बाकीचं सारं लटकं." पाच गावांना सांगावा गेला. सदूनं उचललं तर अजून सहासात जण त्याच्या मागून उचलणार होते.

दुपारी पार भरून गेला. बायका एका अंगाला, त्यात माझी माय नवं लुगडं नेसून. पुरुष समोर. सगळ्यांत पुढे सदू, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. हात थरथरत होते, सकाळपासून घोट नव्हता. पुजाऱ्यानं तबकात बेल आणि हळद आणून ठेवली. बाबा बोलले, आणि मग त्यांनी गोदीला खूण केली.

गोदी उभी राहिली आणि तिनं समोर पाहिलं. समोर तिचा बाप होता. जळगावच्या बाजारात, संग्रामपुरात, शेकडो परक्या माणसांपुढे ती बेधडक म्हणत होती, पण बापाच्या तोंडावर त्याचीच ओवी तिच्यानं म्हणवेना. ओठ हलले, आवाज नाही. लोक वाट पाहत राहिले. मागे कोणीतरी खोकला, कोणी म्हणालं, "चला बे, बोकड शिजलं असंन." बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पदरानं पुसावं तसं धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "राहू दे बेटा. तू लय केलं."

मी ते पाहिलं. तिनं काहीच केलं नव्हतं, नुसती उभी राहिली होती, आणि त्याच्यासाठीही तिला पाठीवर हात! मला पुढचं आठवतं ते इतकंच की माझे पाय पारावर होते, बोट वर होतं, आणि मी बोलत होते.

"माहा बाप बी पेते," मी म्हटलं.

पारावर शांतता पसरली. अशी शांतता मला आयुष्यात पुन्हा कधी मिळाली नाही. मग काय, मोट रिकामी व्हावी तसं झालं. मी सांगत सुटले. तुमाले दारू सोडा म्हनून सांगते अन् घरी येऊन पेते. मायले मारते. आमची उतरंड फोडते. बांगडी मागितली, शिसी घेऊन आला. सगळं गोदीचं, उचलून आणलेलं, आणि मधूनमधून बाबांच्या भाषणातलं. समोर एका बाईनं पदर डोळ्याला लावला. खोटं कशाला बोलू आता, मला फार बरं वाटलं. मी बाबांकडे पाहिलं, आता तरी ते तसं बघतील म्हणून.

तेवढ्यात सदू हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. तो उठला. "पाहा बे, पाहा! गुरू घरात पेते अन् चेल्याले बेल उचलाले लावते! मंग मीच काऊन सोडू? आँ? काऊन सोडू?" त्याच्याबरोबर ते सहासात जणही उठले. कोणी टोपी झटकली, कोणी पायतणं शोधू लागलं. गोदीची माय उभी राहिली आणि तिनं तोंडावर हात घेतला. उन्हाळाभराचं काम माझ्या डोळ्यांसमोर वेशीच्या दिशेनं निघालं होतं. तेव्हा कुठे मला भान आलं.

मी चपराकीची वाट पाहत होते. बाबांनी एक शब्द बोलायचा होता. पोरगी खोटं बोलते, एवढाच. पाच गावं त्यांना ओळखत होती, निम्म्यांना तरी पटलं असतं. पण उरलेल्या निम्म्यांत सदू होता, त्याला पटायला नकोच होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि ते पारावरून खाली उतरले. सदूचा दंड धरला.

"सदू, थांब. येकटा नको उचलू. तुह्या आंधी मी उचलतो."

त्यांनी तबकातली बेल-हळद उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "महादेवाच्या साक्षीनं सांगतो, आजपासून मरेपरयंत दारूच्या थेंबाले शिवनार नाही. शिवलो त माहा निर्वंश होवो."

त्या शपथेत एक अक्षर खोटं नव्हतं, हे माझ्या फार पुढे लक्षात आलं. पण ऐकणाऱ्यांनी जे ऐकायचं ते ऐकलं. तुळशीराम पीत होता, आज सोडली. सदूचं हसणं थांबलं. तो बाबांच्या पिवळ्या झालेल्या हातांकडे पाहत राहिला. "दादा, तुमी बी?" एवढंच म्हणाला. बाबांनी तबक पुढे केलं. सदूनं उचललं. थोडी हळद त्याच्या हातून सांडली. त्याच्या मागून चौघांनी उचललं, दोघं निघून गेले.

घरी आल्यावर मायनं आधी दार लावलं. मग ती बोलली. "जल्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही ह्या मानसानं. आता बाया मले नदीवर इचारतीन, कवा पासून पेते म्हनून. मी काय सांगू वं? सांग ना, मी काय सांगू?" मला मारायला तिनं हात उचलला. बाबा मध्ये आले.

"राहू दे. लेकरू हाये."

"बाबा," मी रडत विचारलं, "तुमी काऊन नाही सांगलं?"

"सांगलं असतं त सदू गेला असता, अन् तू पाच गावात खोटी पडली असती." त्यांनी हातावरची हळद धुतली. "येकाच मानसाचं नाव गेलं. सस्त्यात झालं."

मायला बायकांनी विचारलंच. बाबांना परगावची बोलावणी येईनाशी झाली, दमणी उभी राहिली. ज्यांनी बेल उचलला त्यांच्यातलाच एक, अशी त्यांची ओळख झाली. गंमत अशी की गुत्त्यावरची माणसं आता आपणहून मोटेपाशी येऊन बसत आणि हलक्या आवाजात विचारत, "दादा, पहिले आठ दिवस कसे काढले जी?" बाबा जे काय सांगायचे ते सांगत. सदूनं तीन वर्षं पाळलं, एका लग्नात घसरला, पुन्हा उचललं. तो जितक्या वेळा घसरला तितक्या वेळा बाबांनी त्याच्याबरोबर पुन्हा बेल उचलला, न चुकता, स्वतः आधी. मला अजूनही कधी कधी वाटतं, त्या दिवशी बाबा पारावरून उतरले ते कोणासाठी? माझ्यासाठी की सदूसाठी, की त्या गोदीसाठी? माझ्यासाठी, असं मी धरून चालले आहे. ह्या वयातही मला त्यात वाटेकरी नको आहे.

करीच्या दुसऱ्या दिवशी मी मळ्यात, वांग्यांच्या वाफ्यात तोंड लपवून बसले होते. गोदी आली. मला वाटलं, आता ही भांडणार. तिची ओवी, तिचं सगळं मी चोरलं होतं. ती माझ्याजवळ मातीत बसली. माझा हात तिनं आपल्या हातात घेतला. तिचे हात खरखरीत होते.

"मले ठाव नोतं वं शेवंते," ती म्हणाली. "तुह्या बी घरी असंच असंन म्हनून. मी तुह्यावर लय जळत होतो."

ती हळू आवाजात सांगू लागली, जसं एखादी मोठी बहीण सासरी जाणाऱ्या धाकटीला सांगते. बेल उचलला तरी लगेच भरवसा ठेवू नको. बाजारादिशी कान उघडे ठेव. पाय घासत आला त घाबराचं काम नाही, झोपते. पाय आपटत आला की पहिले चुलीतलं लाकूड पाण्यात बुडव. पाटा उचलता येत नाही, पन वरवंटा उचलून बाहीर टाक. मायच्या पुढं उभी राह्य, मांगं नको, पोरीले पाहून हात थोडा धीमा पडते. आणि काहीच जमलं नाही तर आमच्या खोपट्याच्या मागं कडब्याची गंजी आहे, तिच्यात दोघी मावतात, मी एकटीच असतो तिथं.

"हाव," मी म्हणत होते. प्रत्येक गोष्टीला, "हाव."

"अन् इळा?" तिनं विचारलं. "आमी तं पिठाच्या मडक्यात लपोतो. तुमी कुठी लपोता?"

आमच्या घरात विळा दाराशेजारच्या खुंटीवर असे, कोणाच्याही हाताला येईल असा.